पडद्यावरच्या माणसाचा लळा

घरातला मोठा मुलगा व्हिडिओ गेम खेळता खेळता डोळे पुसू लागला, की घरातली माणसे हसतात. "खोट्या घोड्यासाठी रडतोस होय रे?" असे विचारतात. आमचे म्हणणे असे, की घोडा खोटा असला तरी ते रडणे खरे असते. ते कुठून येते, हे पालकांनी समजून घ्यावे.

काही खेळांना 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मोकळ्या जगाचे खेळ म्हणतात. त्यात डोंगर, नद्या, गावे, बाजार असा सारा मुलूख उभा केलेला असतो आणि खेळणारा वाटेल तिकडे हिंडू शकतो. रॉकस्टार गेम्स या कंपनीने २०१८ साली काढलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा असाच खेळ. त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. कथा १८९९ सालच्या अमेरिकेतली आणि नायक आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर.

या खेळात जीव जडतो तो रोजच्या कामातून. घोड्याला चारायचे, खरारा करायचा, थोपटायचे. निगा राखावी तसा घोडा विश्वासाचा होतो. तळावर परतले की सोबती हाक मारतात, एकाच हंड्यातले जेवण सगळे खातात. ज्याचे आपण करतो त्याचा लळा लागतो, हे शेळी-गाय पाळलेल्या घरांना आम्ही काय सांगावे!

आर्थरची टोळी गरिबांना व्याजाने पैसे देते. वसुलीला गेलेला आर्थर डाऊन्स नावाच्या आजारी शेतकऱ्याला बेदम मारतो. सिनेमात आपण असला मार लांबून पाहतो. इथे बटणावर बोट खेळणाऱ्याचेच असते. त्या शेतकऱ्याला क्षय असतो आणि खोकताना त्याचे रक्त आर्थरच्या तोंडावर उडते. पुढे आर्थर भर रस्त्यात कोसळतो. डॉक्टर सांगतात, क्षय झाला आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडायला १९४३ साल उजाडले. तेव्हा आर्थरचे मरण ठरलेले.

उरलेले दिवस कसे घालवायचे, हे बरेचसे खेळणाऱ्याच्या हाती असते. तो इतर कर्जदारांचे कर्ज सोडू शकतो, डाऊन्सच्या विधवेला मदत करू शकतो. शेवटी गोळी लागून घोडा पडतो, तेव्हा आर्थर त्याच्याजवळ बसून त्याचे आभार मानतो. पन्नासएक तास सोबत काढलेल्या मुलाला तिथे हुंदका फुटला, तर त्यात नवल ते काय? आपल्या हातून झालेल्या मारहाणीची टोचणी आणि सोबत्याचा वियोग, दोन्ही त्याला एकदम भेटलेले असतात.

मात्र या खेळात रक्तपात फार आहे. युरोपात तो अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही. लहानांना त्यापासून दूर ठेवावे, आणि मोठ्यांनीही झोप व कामधंदा सांभाळूनच खेळावे.

मुलगा रडला तर हसू नका. जवळ बसून विचारा, "कोण होता रे तो? काय झाले त्याला?" तो सांगू लागेल. क्षयाची गोष्ट निघाली, तर हेही सांगा की आर्थरला न मिळालेले औषध आज आपल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करावी आणि औषध मध्येच सोडू नये. पडद्यावरच्या रोग्यासाठी रडणारा मुलगा शेजारच्या रोग्याला दवाखान्यात घेऊन जाईल, अशी आम्हाला आशा आहे.