रूम कोणती घेताय?

मोठ्या खासगी रुग्णालयात अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो: जनरल, ट्विन शेअरिंग की सिंगल? घरचे घाबरलेले असतात. आईला शांत झोप लागेल म्हणून सिंगल सांगून मोकळे होतात. बिल किती होणार हे बरंचसं तिथेच ठरतं, कारण अनेक रुग्णालयांत सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या या साऱ्यांचे दर रूमच्या वर्गाप्रमाणे चढतात. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तोच, आकडा वेगळा.

‘मेडिक्लेम आहे ना!’ म्हणणाऱ्यांना इथेच फटका बसतो. बऱ्याच पॉलिसींत रूमचं भाडं दिवसाला विमारकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मान्य असतं. म्हणजे 5 लाखांच्या पॉलिसीत 5,000. रूम 8,000ची घेतली, तर कंपनी वरचे 3,000 कापून थांबत नाही. त्याच प्रमाणात शस्त्रक्रियेची, फेऱ्यांची रक्कमही कापते. असा खर्च 2 लाख झाला असेल, तर 75,000 तुमच्या खिशातून जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लावायची नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. म्हणून डिस्चार्जच्या गडबडीतही कपातीचा तपशील मागून घ्यावा. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर थोडा वाईटपणा आला तर येऊ द्यावा.

विमा नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात दोन दारं आहेत. पहिलं ठाऊक असतं: 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना, आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण रुग्णालय योजनेत हवं, उपचार यादीत हवा आणि मंजुरी आधी हवी. योजना कॅशलेस आहे, त्यामुळे डिपॉझिट भरण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, आरोग्यमित्राला, गाठलेलं बरं. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी 2024पासून आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं. पेन्शनर मंडळी ‘ते गरिबांचं’ म्हणून तिकडे फिरकत नाहीत, हे मला कोडंच वाटतं.

दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. मुंबई-पुण्यातली कित्येक चकचकीत रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम 41 कक प्रमाणे आणि उच्च न्यायालयानं 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घेणंही बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. खाटा शिल्लक नाहीत असं तोंडी सांगितलं, तर लेखी मागायचं आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज टाकायचा.

एवढी चौकशी ज्यांना नकोशी वाटते, तीच माणसं दीर्घायुष्यासाठी मात्र हौसेनं खर्च करतात. घरी येऊन रक्त नेणारं सत्तर चाचण्यांचं पॅकेज घेतात. इतक्या चाचण्यांत एखादा आकडा चौकटीबाहेर जाणारच, आणि मग त्याच्यामागे धावणं आलं. दक्षिण कोरियात सोनोग्राफीनं थायरॉइड तपासण्याची लाट आली. 1993 ते 2011 या काळात या कर्करोगाचं निदान पंधरा पटींनी वाढलं. त्यानं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या, जन्माची गोळी मागे लागली. दिवसाला दहा हजार पावलांचा मंत्रही मूळचा 1965च्या एका जपानी पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातला. चालावं जरूर, पण आठ हजार झाली म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझाऱ्या घालण्याची गरज नाही.

चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर यांवर मात्र नजर हवीच. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घरी असावं. सकाळी गोळीआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसून मोजावं आणि आकडा वहीत लिहावा. डॉक्टर ती वही दोन मिनिटांत वाचतात. सत्तर चाचण्यांची फाईल मात्र बहुतेकदा शेवटच्या पानापासून चाळतात.