कॅनडाची वाट : लग्न लपवावं का?

स्पॉन्सरनं द्यायच्या तीन वर्षांच्या हमीवर या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. ती हमी आठवडाभर थांबेल. नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थांबणारा नाही, आणि थोड्याफार फरकानं तो बऱ्याच घरांत घोळत असणार. मुलीचं लग्न झालंय, ती अजून माहेरीच आहे. जावई ब्रॅम्प्टनला पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर, आहेत, मुलीच्या पीआरचा अर्ज दाखल होऊन पोचही आलीय. निकालाला वेळ आहे, तेव्हा मधल्या काळात तिनं व्हिजिटर व्हिसावर जाऊन यावं असा घरच्यांचा विचार. एजंट म्हणतो, अर्जात मैत्रिणीकडे फिरायला चाललेय असं लिहा, नवऱ्याचं आणि फाइलचं नावच काढू नका, नाहीतर ‘ही कसली परत येतेय’ म्हणून व्हिसा नाकारतील. माझं उत्तर सरळ आहे : हा सल्ला मानू नका. खऱ्याखोट्याची चाड घटकाभर बाजूला ठेवू. नुसता नफ्यातोट्याचा हिशेब मांडला तरी हा सल्ला आतबट्ट्याचा आहे, आणि लपवाछपवीची गरज कॅनडाच्या कायद्यानं मुळात ठेवलेलीच नाही.

कॅनडाचा सध्याचा इमिग्रेशन कायदा 2002 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 22 च्या दुसऱ्या पोटकलमाचा आशय असा : एखाद्याला पुढे कायमचं स्थायिक व्हायचंय, म्हणून त्याला तात्पुरतं येता येत नाही असं नाही, मात्र दिलेली मुदत संपेपर्यंत तो देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. तिथले वकील याला ‘दुहेरी हेतू’ म्हणतात. मग लपवण्याची ही रीत आली कुठून? माझ्या मते ती बरीचशी अमेरिकेहून आली. तिथे व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस स्थायिक व्हायलाच निघालाय असं कायदा आधी धरून चालतो आणि तसं नसल्याचं त्यानं पटवून द्यायचं असतं. एच-वन-बीवाल्यांना यातून सूट आहे, पाहुण्यांना नाही. ब्रिटनमध्ये तर पाहुणा म्हणून उतरल्यावर तिथल्या तिथे जोडीदाराच्या व्हिसावर जाताच येत नाही. न्यू जर्सीतला मामा जे सांगतो ते त्याच्या देशापुरतं रास्त असतं. आपल्याकडे मात्र ‘फॉरेन’ नावाचा एकच देश असल्यासारखे सल्ले फिरतात आणि मामाचा नियम ब्रॅम्प्टनला लागू होतो.

आता एजंटाची बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाही. खरं सांगितल्यावर व्हिसा नाकारला जातो, हे होतं. अधिकारी कलमाच्या उत्तरार्धावर बोट ठेवतो : नवरा इथे, फाइल इथे, मग मागे खेचणारं काय? असा नकार मिळाला तर नुकसान किती, ते मोजा. फी गेली, काही महिने गेले, आणि ‘यापूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला पुढे कायम ‘हो’ लिहावं लागलं. पीआरची फाइल जिथल्या तिथे राहते आणि व्हिसासाठी पुन्हा अर्जही करता येतो. आता खोटं पकडलं गेलं तर काय, ते पाहा. कलम 40 प्रमाणे महत्त्वाची गोष्ट दडवणं किंवा चुकीची सांगणं ही दिशाभूल ठरते आणि तिची शिक्षा पाच वर्षांची प्रवेशबंदी. 2014 पूर्वी ती दोन वर्षांची होती. शिवाय या पाच वर्षांत पीआरसाठी अर्जही करता येत नाही. म्हणजे चार महिन्यांच्या भेटीपायी आयुष्यभराचा मुक्काम पणाला लावायचा. पकडायला कुणी गुप्तहेर लागत नाही. व्हिसाच्या अर्जासोबत कुटुंबाच्या माहितीचा एक फॉर्म जातो, त्यात जोडीदाराचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारलेला असतो. तिथे ‘अविवाहित’ लिहायचं, आणि पीआरच्या अर्जात त्याच मुलीची लग्नाची तारीख आधीच दिलेली! दोन्ही कागद एकाच खात्याच्या एकाच संगणकप्रणालीत, एकाच क्लायंट नंबराखाली उघडतात.

याहून तोलाचा आक्षेप असा, की कलम 22 मधल्या त्या पोटकलमाचे दोन भाग एकमेकांच्या विरोधात जातात : जिला राहायचंच आहे ती वेळेवर निघेल, हे कुणाला पटावं? मला नेमकं उलटं वाटतं. जिची फाइल रांगेत आहे, तिलाच नियम मोडण्याचा तोटा सर्वांत जास्त. ज्याला दुसरा कुठलाच मार्ग नाही असा माणूस मुदत उलटून राहिला तर त्याची बाजू समजून तरी घेता येते. हिच्याकडे राजमार्गाचं तिकीट आहे, ही आडवाटेनं कशाला जाईल? तेव्हा फाइल ही अडचण म्हणून दडवायची गोष्ट नाही, तोच पुरावा म्हणून पुढे करायचा. अर्जाबरोबरच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहावं : माझं लग्न अमुक तारखेला झालं, पीआरचा अर्ज क्रमांक हा, पोच सोबत जोडली आहे, भेट इतक्या आठवड्यांची, आणि तोवर पीआरचा निकाल लागला नाही तर मी अमुक तारखेला परत येऊन कामावर रुजू होईन. त्याखाली कंपनीचं रजेचं पत्र, पूर्वीच्या परदेशप्रवासाचे शिक्के, खर्च कोण करणार याचे बँकेचे कागद. ‘मी कधीच राहणार नाही’ असलं वाक्य मात्र टाकू नये; पीआरची फाइल समोर असताना ते वाचून अधिकारी हसेल. आणि सरकारलाही हे पटू लागलंय : मे 2023 मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी अशा जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसाचे अर्ज लवकर निकालात काढण्याचं धोरण जाहीर केलं होतं. तरीही नकार आलाच, तर पाच डॉलर भरून माहिती अधिकाराखाली अधिकाऱ्याची टिपणं मागवता येतात. नकाराच्या छापील पत्रापेक्षा त्या टिपणांत नेमकं कारण सापडतं. ते न वाचता तोच अर्ज पुन्हा टाकण्यात हशील नाही.

‘एवढी यातायात करण्यापेक्षा वर्षभर थांबलं तर काय बिघडलं?’ असंही त्या वाचकांनी विचारलंय. काही बिघडणार नाही, पण ठरवून केलेल्या लग्नात या भेटीला एक वेगळं मोल आहे. इमिग्रेशन नियमावलीतलं चौथं कलम जोडीदाराची फाइल दोन कसोट्यांवर पारखतं : लग्न मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं होतं का, आणि लग्नाचं नातं आज खरं आहे का. 2010 पासून यांतल्या एकाही कसोटीवर फाइल कमी पडली तरी अर्ज फेटाळता येतो. आपल्याकडची नेहमीची फाइल कशी असते? मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन, महाबळेश्वरला दोन दिवस, की निघाला. मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला, हॉलची पावती, पत्रिका आणि अल्बममधले स्टेजवर रांगेनं उभ्या नातेवाइकांचे फोटो जोडले जातात. समारंभ झाला हे त्यातून निर्विवाद सिद्ध होतं. संसाराबद्दल त्यात अवाक्षर नाही. मुलगी चार-पाच महिने नवऱ्याबरोबर राहून आली, तर तिच्याच पत्त्यावर आलेली पत्रं, घराच्या भाडेकरारात तिचं नाव, नवऱ्याच्या विमा पॉलिसीवर वारस म्हणून नोंद, त्याच्या मित्रांबरोबरचे साध्या कपड्यांतले फोटो असा ऐवज जमतो आणि तो फाइलला मागाहूनही जोडता येतो. पहिल्या कसोटीला हे उत्तर पुरं पडत नसेल. दुसरीला मात्र याहून चांगलं उत्तर नाही.

तिथे पोचल्यावरचा एक गैरसमज इथेच मोडून काढतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम दहा वर्षांचा नसतो. विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिली नाही, तर मुदत सहा महिन्यांची. पीआरचा अर्ज टाकलाय म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. लोक इथेच गाफील राहतात. जास्त राहायचं असेल तर मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करायचा. तो वेळेत गेला की निकाल लागेपर्यंतचा मुक्काम कायदेशीर राहतो. वेळ चुकली तर नव्वद दिवसांत स्टेटस पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण तेवढी वेळ येऊ देऊ नये. जोडीदाराकडे स्टेटस नसलं तरी कॅनडातून केलेला अर्ज विचारात घ्यायचं धोरण 2005 पासून आहे. ते अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे, बेत आखायला नव्हे.

एजंटाचा दुसरा सल्ला होता की मुलगी तिथे पोचली की आताची ‘आउटलँड’, म्हणजे कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीची, फाइल मागे घेऊन ‘इनलँड’, म्हणजे कॅनडात राहणाऱ्या जोडीदारासाठीची, टाकू. मी म्हणेन, मुळीच नको. मुलगी कॅनडात राहत असतानाही तिची आउटलँड फाइल चालूच राहते. फरक पडतो तो नकार आल्यावर. आउटलँड फाइल फेटाळली तर स्पॉन्सरला, म्हणजे नवऱ्याला, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते आणि तिथे नवा पुरावाही मांडता येतो. इनलँडला ते दार बंद. उरतं फेडरल कोर्ट, तेही आधी परवानगी मिळाली तर, आणि कोर्ट निर्णयाची पद्धत तपासतं, लग्न नव्यानं तपासत नाही. शिवाय इनलँड अर्जदारानं नवऱ्याबरोबर कॅनडातच राहायचं असतं. मध्येच घरात काही झालं म्हणून ती नाशिकला आली आणि परतताना सीमेवर अडली, तर अर्जाचा पायाच डळमळतो. पूर्वी इनलँडकडे ओढा असायचा तो मुख्यतः ओपन वर्क परमिटमुळे. 2023 च्या त्याच घोषणेनं कॅनडात स्पॉन्सरबरोबर राहणाऱ्या आउटलँड अर्जदारांनाही तो परवाना खुला केला. तो हाती पडेपर्यंत मात्र तिथे नोकरी करायची नाही, ओळखीतल्या दुकानात ‘चार तास मदत’ म्हणूनही नाही.

टोरांटोच्या विमानतळावर ‘कशासाठी आलात’ असं विचारलं, की ‘नवऱ्याकडे, पीआरची फाइल चालू आहे, हे परतीचं तिकीट’ असं सांगावं आणि पोच हातातल्या पिशवीत ठेवावी, चेक-इनच्या बॅगेत नाही.