लांब वायरीची गिटार

'हूडू मॅन ब्लूज' ही माउथ ऑर्गनवादक आणि गायक ज्युनिअर वेल्सची तबकडी १९६५ची. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर वादकांची नावं छापली आहेत : बासवर जॅक मायर्स, ड्रम्सवर बिली वॉरन, आणि गिटारवर 'फ्रेंडली चॅप'. मित्रासारखा एक गडी! शिकागोत त्या नावाचा गिटारवादक कधीच नव्हता. तबकडी काढणारा डेलमार्क कंपनीचा बॉब केस्टर समजत होता, की हा वादक शिकागोच्याच चेस रेकॉर्ड्स या कंपनीच्या कराराने बांधलेला आहे. खरं नाव छापलं तर भानगड नको, म्हणून हे टोपणनाव आलं. तो वादक म्हणजे बडी गाय. चेसच्या कागदावर तो त्यांचा कलावंत होता, पण त्याच्या नावाची एकही लाँगप्ले चेसने तोवर काढलेली नव्हती.

याच ध्वनिमुद्रणात बडीचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. अ‍ॅम्प दुरुस्त होईपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून स्टू ब्लॅक या ध्वनिमुद्रकाने त्याची गिटार हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडून दिली. लेस्ली म्हणजे लाकडी खोक्यातला फिरता भोंगा. त्यातून निघालेला सूर एका जागी थांबत नाही, तो हेलकावे खात येतो. शीर्षकगीत ऐका. गिटार पाण्याखालून वाजत असल्यासारखी वाटते. तरीही दोन ओळींत वाजवणारा ओळखू येतो, आणि याच प्रश्नामागे मी अनेक वर्षं आहे. वाद्याचा नेहमीचा आवाज काढून घेतला, नाव काढून घेतलं, तरी माणूस ओळखू येतो तो नेमका कशावरून?

बडीच्या नादी मी लागलो नव्वदच्या दशकात, नागपूरला सीताबर्डीवर घेतलेल्या 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज'च्या कॅसेटमुळे. त्याचं चरित्र मात्र नंतर वाचलं आणि हिंगणघाट तालुक्यातल्या माणसाला ते फार दूरचं वाटलं नाही. बडीचा जन्म ३० जुलै १९३६चा, लुइझियानातल्या लेट्सवर्थचा. वडील बटईने शेती करत. पोरगा कापूस वेचायचा. शंभर पौंडांना, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोंना, अडीच डॉलर. आमच्याकडे सीतादहीची पूजा झाली, की पऱ्हाटीची (कपाशीची) वेचणी लागते, आणि किलोमागे वेचणी किती द्यायची यावर घासाघीसही सुरू होते.

कापसाच्या नात्याचा हा धागा त्याहून जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. वर्धा जिल्हा वेगळा झाला तो १८६२ साली, याच धामधुमीत. 'हिंगणघाट' हे तेव्हा कापसाच्या एका जातीचंच व्यापारी नाव होतं. त्याच युद्धानंतर मिसिसिपी-लुइझियानातले गुलाम मुक्त झाले, आणि त्यांतले कितीतरी लगेच बटईच्या कर्जात अडकले. त्यांच्या मुला-नातवंडांनी ब्लूज घडवला. अर्थात, आपल्या शेतकऱ्याचं दुःख आणि त्यांचं दुःख एकाच मापाने मोजू नये. तिथे गोऱ्या जमावाने झाडाला टांगण्याची भीती होती. आणखी एक गोष्ट मला सारखी खटकते. ब्लूज वाजवणाऱ्याचा सूर गरिबीतून येतो, वेदनेतून येतो, असं फार सहज लिहिलं जातं. कापूस लाखोंनी वेचला, बडी गाय एक झाला. सूर येतो तार, बोटं, अ‍ॅम्प आणि हट्टाने केलेलं ऐकणं यांतून.

तर आधी ते यंत्र. बडीची गिटार फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर. हे वाद्य १९५४ साली बाजारात आलं. तिचा मूळ आवाज पातळ, धारदार, काचेसारखा. ती लावायची ती फेंडरच्याच बासमन अ‍ॅम्पला. तो बनवलेला बास गिटारसाठी, पण गिटारवाल्यांनी पळवला. त्याची बटणं पार शेवटपर्यंत फिरवली, की आतल्या व्हॉल्व्हना तो भार पेलत नाही, ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात आणि सुराला खरखरीत, दाट अंग येतं. इथपर्यंत कुणीही पोचतो. बडीचं वेगळेपण पुढे आहे. अ‍ॅम्प पेटलेला ठेवून तो गिटारवरचं बटण आणि उजव्या हाताचा आघात यांनी आवाज इतका खाली आणतो, की पुढच्या क्षणाची धास्ती वाटावी. मग एकच स्वर अंगावर कोसळतो.

त्याची मींड ऐकावी. सतारीवर चार-पाच स्वरांची ओढ निघते; गिटारवर तेवढी तार ताणली जात नाही, सहसा एक-दीड स्वर. पण ब्लूजचं मर्म त्याहून लहान अंतरात आहे : कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधली ती जागा, जी पियानोच्या पट्ट्यांवर सापडतच नाही. बहुतेक वादक तिथे पोचतात आणि सुटका करून घेतात. बडी तिथेच थांबतो, तार थरथरवतो आणि वर जाईन की नाही हे सांगत नाही. १९६०च्या 'फर्स्ट टाइम आय मेट द ब्लूज'मध्ये त्याचा गळा वरच्या पट्टीत किंचाळतो आणि गळा जिथे संपतो तिथून गिटार तीच किंकाळी पुढे नेते. तेव्हा तो जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता.

हे सगळं त्याने ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगकडून घेतलं, असं सांगायची पद्धत आहे. अर्ध्यापुरतं ते खरंच आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा धनी शोधत गेलं, की भेटतो गिटार स्लिम, आणि माझं मन खरं तिथेच अडकलं.

गिटार स्लिम म्हणजे एडी जोन्स. जन्म १० डिसेंबर १९२६, मिसिसिपीतलं ग्रीनवुड. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं, कापसाच्या शेतात काम. तिथून तो न्यू ऑर्लिन्सला आला आणि ड्यू ड्रॉप इन या क्लबचा राजा झाला. लालभडक सूट घातला तर बूट लाल आणि केसही लाल. पुढच्या रात्री सगळं निळं. गिटार अ‍ॅम्पऐवजी तो थेट सभागृहाच्या ध्वनिक्षेपकात घालायचा, त्यामुळे आवाज फाटून यायचा आणि तो फाटलेलाच त्याला हवा असायचा. आणि वायर! साडेतीनशे फूट लांब होती, असं सांगतात. वाजवत वाजवत तो रंगमंचावरून उतरायचा, माणसांमधून वाट काढत दाराबाहेर जायचा, रस्त्यावरची वाहनं थांबायची. आत बसलेल्यांना माणूस दिसत नसे, आवाज मात्र तितकाच मोठा.

ऑक्टोबर १९५३मध्ये न्यू ऑर्लिन्सला कोसिमो मटासाच्या स्टुडिओत त्याने 'द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू' मुद्रित केलं. पियानोवर आणि वाद्यमेळाच्या मांडणीला होता तरुण रे चार्ल्स. स्लिमला बांधीव मांडणीत बसवता बसवता रात्र सरली. हे गाणं आपल्याला स्वप्नात मिळालं, असं स्लिम सांगायचा : एका हाताला देवदूत, दुसऱ्या हाताला सैतान, दोघांकडे गाण्याचा एकेक कागद, आणि आपण सैतानाचा घेतला. स्पेशाल्टी कंपनीच्या मालकाला गाणं फारसं रुचलं नव्हतं. १९५४मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्याचं नोंदलं गेलं.

गाणं असं तापलेलं असताना स्लिम मोटार अपघातात जायबंदी झाला. कार्यक्रम तर ठरलेले. ड्यू ड्रॉपचा मालक फ्रँक पनिया याने विशीतल्या अर्ल किंग या गिटारवादकाला स्लिमच्या वाद्यवृंदासोबत पाठवून दिलं, गिटार स्लिम म्हणूनच! दूरचित्रवाणी घरोघर नव्हती, लोकांनी स्लिमचा आवाज ऐकला होता, चेहरा नाही. अर्लने ते निभावलं. परतला तेव्हा स्लिम रुग्णालयाच्या अंगरख्यात रस्त्यावर भेटला आणि माझं नाव खराब केलंस तर खटला भरीन म्हणाला, असं अर्लनेच पुढे सांगितलं. मला या हकिकतीत गमतीपेक्षा दुसरंच काही दिसतं. स्लिमची वाजवण्याची रीत इतकी ठळक होती, की ती दुसऱ्याच्या अंगावर चढवता आली. ती एक घराणं होऊ शकली असती. पण स्लिम ७ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेला. वय ३२. लुइझियानातल्या थिबोडोला त्याला पुरलं.

त्याआधी बॅटन रूजला एका तरुणाने त्याला पाहिलं होतं. विद्यापीठात साफसफाईची नोकरी करणारा बडी गाय कार्यक्रमाला गेला. निवेदकाने नाव पुकारलं, गिटार वाजू लागली, रंगमंचावर कुणीच नाही. आधी आवाज आला, मग दारातून माणूस. वाजवायचं बी. बी. किंगसारखं आणि वागायचं गिटार स्लिमसारखं, हे आपण तेव्हा ठरवलं, असं बडी आयुष्यभर सांगत आला. २५ सप्टेंबर १९५७ रोजी तो शिकागोला उतरला. उपासमारीचे दिवस, मडी वॉटर्सने खाऊ घातलेलं सँडविच, हे पुष्कळांनी लिहिलं आहे, ते सोडतो. ओटिस रश आणि मॅजिक सॅम या तिथल्या गिटारवादकांशी झालेल्या चुरशीत मात्र त्याने लांब वायर आणली आणि वाजवत बर्फात निघून गेला. स्लिम शिकागोत पोचला तो असा.

आता चेसशी झालेला झगडा. कंपनीचा मालक लिओनार्ड चेस याने बडीला घेतलं, पण इतरांच्या मागे वाजवायला. हाउलिंग वुल्फचं 'किलिंग फ्लोर', कोको टेलरचं 'वँग डँग डूडल', यांत तो आहे. रात्री क्लबात जसं वाजवायचा तसं स्टुडिओत वाजवू लागला, की आवाज कमी कर, हा गोंगाट आहे, असं सांगितलं जाई. पोटासाठी तो दिवसा बंद गाड्या ओढणारा ट्रक चालवायचा. लिओनार्डच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्या काळातल्या यंत्रांना तो आवाज पेलला नसता. मला हे पटत नाही. याच कंपनीने १९५२मध्ये लिटल वॉल्टरचं 'ज्यूक' मुद्रित केलं होतं. त्यात माउथ ऑर्गन अ‍ॅम्पमधून फाटून येतो आणि तीच त्याची शोभा आहे. म्हणजे फाटलेला सूर कसा पकडायचा हे त्यांना ठाऊक होतं. बडीकडून त्यांना तो ऐकायचा नव्हता.

याचा पुरावा 'स्टोन क्रेझी'. १९६२ची सिंगल तीनेक मिनिटांत आटोपते. पुढे लाँगप्लेवर मूळ ध्वनिमुद्रण आलं ते सातेक मिनिटांचं. दोन्ही लागोपाठ ऐकली, की कात्री कुठे चालली ते कळतं. सिंगलमध्ये तक्रार आहे, कडवी आहेत, शेवट आहे. लांब रूपात बडी थांबतो, वाट पाहतो, एक स्वर टाकून गप्प बसतो, पुन्हा तोच स्वर वेगळ्या वजनाने टाकतो. कापली गेली ती शांतता. बडीच्या सुराचं निम्मं अंग त्या शांततेत आहे, म्हणून लेस्लीच्या हेलकाव्यांतही तो ओळखू येतो. बोटांचा ठसा पुसता येतो, थांबण्याचा नाही.

इंग्लंडातली पोरं हेच वाजवून श्रीमंत झाली, तेव्हा लिओनार्डने बडीला बोलावून घेतलं, समोर वाकला आणि मला लाथ मार, तूच बरोबर होतास, असं म्हणाला. ही बडीची साक्ष. लिओनार्ड १९६९ साली वारला. माफीचा उपयोग काही झाला नाही. बडी तोवर दुसऱ्या कंपनीकडे निघाला होता, आणि ऐंशीच्या दशकाचा बराच काळ तर त्याच्या पाठीशी मोठी अमेरिकन कंपनीच नव्हती. १९८९मध्ये त्याने शिकागोत लेजेंड्स क्लब काढला, १९९१मध्ये ती कॅसेट आली, जी मला सीताबर्डीवर मिळाली.

फेब्रुवारी २०११मध्ये मुंबईत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, आणि त्यात बडी गाय वाजवायला आला. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. त्याच्या कार्यक्रमांबद्दल जाणकारांची एक तक्रार असते आणि ती खोटी नाही : गाणी अर्धवट सोडतो, मधेच जॉन ली हुकर, हेंड्रिक्स, क्लॅप्टन यांच्या नकला सुरू करतो, टॉवेलने किंवा ड्रमच्या काडीने तारा वाजवतो. नकलांचा मलाही कंटाळा येतो. पण रंगमंचावरून उतरून श्रोत्यांत वाजवत फिरण्याला जे निव्वळ खेळ म्हणतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. अ‍ॅम्प रंगमंचावर, वादक तुमच्या खुर्चीशेजारी. तार छेडल्याचा कोरडा टणत्कार तुमच्या कानाशी आणि तिचा मोठा आवाज लांबून, क्षणभर उशिरा. ही फट कुठल्याही तबकडीत मावत नाही. पुढे वायर जाऊन बिनतारी यंत्रणा आली, फट तशीच राहिली. स्लिमने ती शोधली, बडीने ती साठ वर्षं जपली.

२०२५च्या 'सिनर्स' चित्रपटात म्हाताऱ्या ब्लूजवाल्याच्या भूमिकेत त्याला पाहून नव्याने ऐकू पाहणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच : 'डॅम राइट'पासून सुरुवात करू नका. ती चकचकीत आहे, आणि आवाजाचा चढ-उतार तिथे दाबून सपाट केलेला आहे. आधी 'हूडू मॅन ब्लूज' ऐका. मग सात मिनिटांचं 'स्टोन क्रेझी'. मग १९६८चं 'अ मॅन अँड द ब्लूज'. त्यात तो इतकं हळू वाजवतो, की ओटिस स्पॅनचा पियानो त्याच्यावरून चालत जातो. आणि त्यानंतर गिटार स्लिमचं ते १९५३चं गाणं. मोबाइलच्या स्पीकरवर नको. शेवटपर्यंत बंद करू नका. सगळं संपताना रात्रभर जागलेला रे चार्ल्स मागून ओरडून दाद देतो, ती ऐकू येते.