उसाच्या फडातला पाळणा

हाडं वर आलेली गाय माजावर येत नाही, हे सिन्नर-येवल्याच्या शेतकऱ्याला दुष्काळाने केव्हाच शिकवलंय. मेंढपाळाला उलट बाजू ठाऊक असते. मेंढ्यांना नर दाखवण्याआधी चार आठवडे खुराक वाढवला, तर जुळी जास्त होतात. शास्त्र तेच सांगतं. चरबीतून रक्तात उतरणारं लेप्टिन मेंदूला शरीरातली शिल्लक कळवतं. शिल्लक आटली की मेंदूकडून बीजकोशाकडे जाणारे संदेश मंदावतात. आधी जीव जगवायचा, वंश नंतर.

नाशिक जिल्ह्यातल्या बिबट्याची गेल्या पन्नास वर्षांची वाटचाल या हिशेबाने पाहावी.

1972 साली राज्यात मोठा दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदाही आला. बिबट्याची शिकार बंद झाली. इकडे धरणं आणि पाटपाण्यावर निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या शिवारात ऊस वाढत गेला. मळ्यामळ्यात वस्त्या झाल्या, वस्त्यांवर शेळ्या-कोंबड्या आल्या, उकिरड्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली. बिबट्याला लपण, पाणी आणि भक्ष्य एकाच शिवारात मिळालं.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतीच्या मुलखात कॅमेरे लावले. 2013 मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबट्यांचा होता. पुढच्या वर्षीचा अभ्यास विष्ठेवरचा. खाल्लेल्या मांसात पाळीव आणि गावातल्या जनावरांचा वाटा 87 टक्के निघाला, त्यात एकट्या कुत्र्याचा 39 टक्के.

पोट असं बारमाही भरलं, की मादीच्या अंगातली शिल्लक आटत नाही. गर्भ सुमारे तीन महिन्यांचा, पिल्लं बहुधा दोन-तीन, आणि ती दीड-दोन वर्षं आईमागे. आडसाली ऊसही जवळपास दीड वर्ष उभा असतो! म्हणून कोयता लागला की फडात डोळे नुकते उघडलेले बछडे सापडतात. तोड थांबते. वनकर्मचारी पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि दूर होतात. रात्री आई येते, एकेकाला मानेला धरून उचलून नेते. ऑगस्ट 2020 मध्ये तर इगतपुरीजवळ एका मादीने थेट झोपडीतच चार पिल्लांना जन्म दिला.

याच काळात माणसांवरचे हल्लेही झाले. 2020 मध्ये दारणाकाठच्या गावांनी ते सोसले. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. 2025 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात बिबट्याच्या माद्यांच्या गर्भनिरोधनाच्या प्रयोगाला केंद्राची परवानगी मिळाली.

प्रयोग करून पाहावा. पण सुई एका मादीला टोचली, तरी उकिरडा तिथेच राहतो, कुत्री तिथेच, शेळ्या उघड्यावर बांधलेल्या. सुई न लागलेल्या मादीसाठी ताट वाढलेलंच असतं.