चाचेगिरी, कोकण किनाऱ्यावरील

समुद्रावरील जहाजे खाजगी लाभासाठी बळाने लुटण्याच्या कृत्यास चाचेगिरी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार असे कृत्य खुल्या समुद्रावर, एका खाजगी जहाजाने दुसऱ्या जहाजाविरुद्ध आणि खाजगी हेतूने केलेले असावे लागते. यांपैकी शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. कारण इंग्रजी कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख वारंवार चाचे म्हणून येतो, अशा कोकणातील अनेकांना ती लागू पडत नाही.

कोकणचा किनारा खाड्यांनी तुटलेला असून त्यांच्या मुखाशी पाणी बहुधा उथळ असते. गुराब व गलबत ही कमी पाण्यात चालणारी नौका त्यांत सहज शिरत. गलबते वल्ह्यांनी चालत असल्याने वारा पडला तरी त्यांचे अडत नसे. खोल बुडाच्या मोठ्या जहाजांना मात्र त्यांचा पाठलाग खाडीच्या तोंडाशीच सोडावा लागे. या किनाऱ्यावरील चाच्यांचे उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक व रोमन लेखकांच्या ग्रंथांतही आढळतात.

मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याचे केलेले वर्णन या दृष्टीने बोलके आहे. तेथील राजाचा चाच्यांशी करार होता : लुटीतील घोडे राजाचे व उरलेला माल चाच्यांचा. अरबस्तानातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांना दक्षिणेत मोठी मागणी होती, हे लक्षात घेता हा सौदा राजाला स्वस्तच पडत असावा. गुजरातकडील चाचे पकडलेल्या व्यापाऱ्यांना चिंच कालवलेले खारे पाणी पाजून, त्यांनी गिळलेली मोती-रत्ने बाहेर काढीत, असेही तो सांगतो. लुटलेला माल विकण्यास, गोडे पाणी भरण्यास व जहाजांची डागडुजी करण्यास चाच्यालाही बंदर लागतेच. म्हणून चाचेगिरीचा इतिहास हा बऱ्याच अंशी बंदरांचाही इतिहास आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी समुद्रावर परवान्याची पद्धत सुरू केली. त्यांचा परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही जप्ती व चाचेगिरी यांत फारसा फरक नव्हता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय चाचे अरबी समुद्रात आले. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाच्या मालकीचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले. मक्केहून परतणारे यात्रेकरू घेऊन ते सुरतेस येत होते. लढाईत त्याच्यावरील एक तोफ फुटली व डोलकाठी निकामी झाली. खाफीखानाच्या मते ८० तोफांचे हे जहाज त्याहून पुष्कळ लहान जहाजाच्या हाती पडले आणि लूट ५२ लाख रुपयांची होती. चाच्यांनी जहाजावरील स्त्रियांवर अत्याचार केले. ही वार्ता सुरतेस पोहोचताच लोक प्रक्षुब्ध झाले व मोगल सुभेदाराने तेथील इंग्रजी वखारीच्या लोकांना बेड्या घातल्या. बंदिवासात ते जमावाच्या हातून वाचले, हेही खरे. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याच्या पाच साथीदारांना १६९६ मध्ये लंडन येथे फाशी देण्यात आले.

कान्होजी आंग्रे (सु. १६६९–१७२९) यांची गोष्ट निराळी आहे. ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आदी किल्ले त्यांच्या ताब्यात असून किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची खाजगी नौका पकडली व तीवरील एका इंग्रज विधवेस ३०,००० रुपयांच्या खंडणीवर सोडले. खंडणीचा हा प्रकार आज कठोर वाटतो. तथापि परवाना व जप्ती या दोन्ही गोष्टी पोर्तुगीजांनी आधीच रूढ केल्या होत्या. पोर्तुगीजांनी केले ते सार्वभौमत्व आणि आंग्र्यांनी केले ती चाचेगिरी, हा भेद इंग्रजांच्या सोयीचा होता. इंग्रजांनी विजयदुर्गावर १७१७ व १७२० मध्ये, खांदेरीवर १७१८ मध्ये आणि पोर्तुगीजांसह कुलाब्यावर १७२१ मध्ये केलेल्या स्वाऱ्या निष्फळ ठरल्या.

कान्होजींचा मुलगा तुळाजी याचे पेशव्यांशी वैर होते. त्यामुळे त्याच्याविरुद्ध पेशवे व इंग्रज एकत्र आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तोफांच्या माऱ्याने एका जहाजास लागलेली आग पसरून आंग्र्यांचे आरमार बंदरातच भस्मसात झाले. किल्ल्यात मिळालेली सु. दहा लाख रुपयांची लूट इंग्रज अधिकारी व सैनिक यांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना तीत वाटा मिळाला नाही. किल्लाही त्याच वर्षीच्या तहानंतर त्यांच्या हाती आला. मराठ्यांच्या एका आरमाराचा दुसऱ्या मराठी सत्तेच्या संमतीने झालेला हा नाश पुढे किनाऱ्यावरील इंग्रजांच्या वर्चस्वास पोषक ठरला. मालवण व वेंगुर्ले ही बंदरे १८१२ च्या तहांनी इंग्रजांकडे गेली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी सोमाली चाच्यांमुळे हा प्रश्न अरबी समुद्रात पुन्हा उभा राहिला. चाच्यांवर खटले चालविण्यासाठी भारतात २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम करण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये पळविलेले रुएन हे जहाज भारतीय नौदलाने मार्च २०२४ मध्ये सोडविले. त्यावरील १७ खलाशी सुखरूप सुटले. शरण आलेल्या ३५ चाच्यांना मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.