झटापट झाली का, एवढं आधी पाहा

थंडी पडली की लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या पट्ट्यात संध्याकाळनंतर कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. दादरचा विजय क्लब, अमर हिंद मंडळ, परळचा डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब ही नावं इथल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ पाहणारा प्रेक्षक इथे आहे. तरीही पंचांनी हात वर केला की निम्मं मैदान ओरडतं, ‘कसला गुण? लॉबीत गेला होता की!’ आणि बहुतेक वेळा पंच बरोबर असतात.

हे सगळे वाद एकाच प्रश्नापाशी येतात. चढाई करणारा आणि बचाव करणारा यांच्यात स्पर्श झाला होता का? नियमांच्या भाषेत, झटापट सुरू झाली होती का? स्पर्शाआधीचे नियम वेगळे, स्पर्शानंतरचे वेगळे. हा फरक डोक्यात पक्का बसला तर पुढचं सगळं सोपं आहे.

पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज राखीव क्षेत्राचा, म्हणजे लॉबीचा. ‘लॉबीत पाय पडला की बाद’ असं सर्रास म्हटलं जातं. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं. त्या 10 मीटर रुंदीतल्या दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या पट्ट्या म्हणजे लॉबी. झटापट होईपर्यंत त्या खेळाच्या बाहेर असतात. स्पर्श न करता चढाईपटूने तिथे पाय टाकला तर तो बाद, आणि बचावपटूने टाकला तर तोही बाद. पण स्पर्श झाला रे झाला की त्याच पट्ट्या मैदानात जमा होतात. म्हणून कोपरारक्षकाच्या बोटांना पाय लावून लॉबीतून परत पळणारा गडी गुण घेऊन येतो, आणि तोच गडी कुणालाही न लावता तिथून आला तर बाहेर बसतो. लांबून दोन्ही चढाया अगदी सारख्या दिसतात. फरक असतो तो त्या एका स्पर्शाचा. झटापट संपल्यावरही लॉबीतून आपल्या अंगणात परतायची मुभा असते, पण ती झटापटीत सामील असलेल्या गड्यांनाच.

या नियमावरून केवढा गोंधळ होऊ शकतो, हे 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत जगाने पाहिलं. भारत आणि इराण यांच्यातला पुरुषांचा अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत होता आणि अखेरचं मिनिट उरलं होतं. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत आले. आता बाद कोण? एका अर्थाने पवन तर बाद झालाच, पण स्पर्शाशिवाय लॉबीत आलेले इराणी गडीही बाद. दुसऱ्या अर्थाने पवनचा पाय लॉबीत पडला त्या क्षणीच चढाई संपली, म्हणून पुढे कोण कुठे गेलं याला महत्त्व नाही आणि इराणला फक्त एक गुण. निर्णय बदलत राहिले, दोन्ही संघ अडून बसले आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. शेवटी पहिला अर्थ ग्राह्य धरला गेला आणि भारताने 33-29 असं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी चूक खेळाडूंची नव्हती. एकाच नियमाची जुनी आणि नवी अशी दोन रूपं एकाच वेळी चलनात होती, ही चूक खेळ चालवणाऱ्यांची होती. अंतिम सामन्यापर्यंत ती तशीच राहावी, हे मला आजही अक्षम्य वाटतं.

दुसरा गैरसमज बोनसचा. ‘बोनस रेषा ओलांडली की गुण’ हे अर्धंच खरं. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. तो जमिनीला चिकटून राहिला तर काही मिळत नाही. पंच वाकून चढाईपटूच्या पायांकडे टक लावून बघतात ते याचसाठी. त्यांची नजर पुढच्या पावलाइतकीच मागच्या टाचेवर असते. आणि इथेही तोच प्रश्न येतो. बोनस स्पर्शाच्या आधी घ्यावा लागतो. आधी गडी मारला आणि मग रेषा ओलांडली तर स्पर्शाचा गुण मिळेल, बोनसचा नाही. उलट, आधी बोनस घेतला आणि मग पकड झाली तर बोनसचा गुण चढाईपटूच्या संघाला आणि पकडीचा गुण समोरच्यांना. फलकावर दोन्ही बाजूंचे आकडे एकदम वाढले की लोक गुणलेखकाच्या नावाने शंख करतात, पण तो बरोबर असतो. शिवाय बोनसच्या गुणावर बाद झालेला गडी परत उठत नाही.

निदान रेषेचंही तसंच. चढाईत ती एकदा तरी ओलांडायलाच हवी, नाहीतर गडी बाद. मात्र त्याआधीच स्पर्श झाला असेल तर ही अट उरत नाही.

स्पर्श म्हणजे नेमकं काय, यातही घोळ असतो. हाताने मारलं तरच मारलं असं नव्हे. अंगाचा कुठलाही भाग, एवढंच काय, बनियन किंवा बूट लागला तरी तो स्पर्शच. आणि बचावपटूने स्वतःहून चढाईपटूला हात लावला तरी स्पर्श झालाच. पकडायला हात घातला, हातातून निसटला, की हात घालणारा बाद. ‘मी त्याला लावलं, त्याने मला नाही’ हा युक्तिवाद दरवर्षी कुठला ना कुठला कोपरारक्षक करतो. तो कधीच चालत नाही.

सीमारेषेबद्दल एक बारकावा सांगायलाच हवा, कारण अंगावर काटा आणणाऱ्या पकडी तिथेच होतात. एरवी रेषेबाहेर जमिनीला पाय लागला की गडी बाद. झटापटीत मात्र शरीराचा एखादा भाग बाहेर टेकला तरी दुसरा भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेल, तर तो वाचतो. तीन-चार जणांच्या ढिगाऱ्याखालून चढाईपटूचा खांदा बाहेर गेलेला असतो आणि एक पाय आत मॅटवर घट्ट असतो. अशा वेळी तो जिवंत आहे. तिथून हात लांबवून त्याने मध्यरेषेला बोट लावलं तर त्याला धरणारे सगळे बाद. प्रेक्षकाला खांदा दिसतो, पंचांना पाय.

बाकीचे गैरसमज बरेचसे प्रो कबड्डीने रुजवले. ही लीग 26 जुलै 2014 रोजी वरळीतच सुरू झाली आणि तिने खेळाला पैसा व मान दिला, हे मान्यच. पण दूरदर्शन संचावर ‘सुपर रेड’ची पाटी झळकते म्हणून तिला जादा गुण असतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एका चढाईत तीन किंवा जास्त गुण मिळाले की तिला ते नाव, बस. जादा गुण असतो तो अव्वल पकडीला, म्हणजे तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला. तिसऱ्या चढाईची मोजणीही एका गड्याची नसते, संघाची असते. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी कुणीही करो, गुण आणावाच लागतो. त्यात नुसता बोनस आणला तरी पुरतो. आणि बाद गड्यांपैकी कोण आधी आत येणार हे कर्णधार ठरवत नाही. ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने ते उठतात. हुकमी चढाईपटू बाहेर ताटकळत बसलेला दिसतो तो यामुळेच.

महाराष्ट्रात 15 जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. बुवांनी हा खेळ नियमांच्या चौकटीत देशभर आणि देशाबाहेर नेला. त्यांचं नाव घेणाऱ्या आमच्या मंडळांना एकच विनंती आहे. यंदाच्या स्पर्धेत निवेदकाच्या हाती माइक देताना त्याला सांगा की नुसता गुण जाहीर करू नको, तो का दिला हेही सांग. ‘स्पर्श नव्हता, लॉबीत गेला, बाद.’ एवढी चार-पाच शब्दांची घोषणा पुरे. निम्मी भांडणं तिथेच मिटतील, आणि पुढच्या रांगेत बसलेली पोरं नियम शिकूनच घरी जातील.