युरोपचे महायुद्ध आणि औरंगाबादचा रिसाला

शेजारच्या घरास आग लागली तर ती कशाने लागली, ह्याची चौकशी कोणीही शहाणा मनुष्य करतो. परंतु हजारो कोसांवरच्या आगीत आपल्याच घरची माणसे होरपळून मेली, तरी ती आग कोणी लावली हे विचारण्याचे शंभर वर्षांत आपणांस सुचू नये, ही आश्चर्याची आणि लाजेची गोष्ट होय. 1914 ते 1918 ह्या काळातील युरोपच्या महायुद्धासंबंधाने आपली स्थिती नेमकी अशी आहे. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या युद्धात समुद्रापार गेली व सुमारे 74 हजार कामास आली. दिल्लीस गेलेला मनुष्य इंडिया गेट पाहिल्यावाचून परतत नाही; पण त्या कमानीवरची नावे कोणत्या भांडणापायी तेथे कोरली गेली, असे मुलाने विचारल्यास किती पालकांस उत्तर देता येईल?

साराजेव्हो येथे 28 जून 1914 रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला व त्यातून युद्ध पेटले, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. ठिणगी पडली हे खरे; परंतु कोठारात दारू कोणी भरली? फ्रान्सचे आल्सास व लोरेन हे मुलूख जर्मनीने 1871 साली घेतले, ते शल्य फ्रान्सच्या उरात राहिले. जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली ह्यांनी 1882 साली आपली एक जूट केली. फ्रान्स व रशिया ह्यांनी 1894 पर्यंत दुसरी बांधली. 1904 व 1907 च्या करारांनी इंग्लंड ह्या दुसऱ्या जुटीकडे झुकले. समुद्रावर इंग्लंड व जर्मनी ह्यांच्यात लढाऊ जहाजांची चढाओढ लागली. ऑस्ट्रियाने 1908 साली बोस्निया गिळला आणि सर्बियाचा द्वेष ओढवून घेतला. आमच्या व्यापारी वाचकांस हा मामला चटकन समजेल. पेढ्या एकमेकींच्या हुंड्यांस जामीन राहिल्या म्हणजे एकीचे दिवाळे सर्वांचे होते. 28 जुलैस ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले आणि 4 ऑगस्टच्या रात्री, आठ दिवसांच्या आत, इंग्लंडही त्यात उतरले. इंग्लंड उतरले म्हणजे हिंदुस्थान उतरलाच! येथील तीस कोटी लोकांपैकी कोणाचे मत घेण्याची गरज कोणास वाटली नाही.

आता ह्या गोष्टीचा आमच्या शहराशी संबंध काय, तो सांगतो. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज असे व औरंगाबादची छावणी हे तिचे एक ठाणे होते. 1857 च्या जून महिन्यात तिचा पहिला रिसाला येथे होता. आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, अशी वार्ता पसरताच निजामाच्या मुलखाबाहेर आम्ही जाणार नाही, असे त्या स्वारांनी उघड म्हटले. पुण्याकडून इंग्रजांची फौज आली, बंड मोडले, दफेदार मीर फिदा अली ह्यांस फाशी झाली. आजच्या क्रांती चौकातील काळा चबुतरा त्या देहान्त शिक्षांची आठवण देतो. त्या स्वारांचा मूळ अपराध कोणता? आम्हांस कोणाविरुद्ध व कशासाठी नेता, एवढे त्यांनी विचारले होते.

हाच रिसाला 1903 साली हिंदी सैन्यात सामील होऊन ‘20 वा डेक्कन हॉर्स’ झाला व 1914 साली फ्रान्सला गेला. त्यात शीख, जाट व दख्खनी मुसलमान स्वार होते. तेथील लढाई घोडेस्वाराची नव्हतीच. स्वित्झर्लंडच्या सीमेपासून समुद्रापर्यंत खंदकांची रांग, पुढे काटेरी तारा, तारांमागे मशीनगन. खंदकात गुडघाभर चिखल. ओल्या बुटांत पाय सडत. एप्रिल 1915 मध्ये ईप्र येथे विषारी वायू सोडला गेला, तेव्हा नाकातोंडावर ओला रुमाल धरण्यापलीकडे प्रथम उपाय नव्हता. स्वारांनाही पुष्कळदा घोडे मागे ठेवून खंदकात पाळी करावी लागे. सोमच्या लढाईत 1 जुलै 1916 ह्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची 19,240 माणसे मेली. पुढे 14 जुलैच्या सायंकाळी डेक्कन हॉर्सने एका गोऱ्या रिसाल्याच्या जोडीने भाले सरसावून उभ्या पिकांतून हाय वुड नावाच्या रानाजवळ हल्ला चढविला. स्वारांनी शौर्यात कसूर केली नाही. काही शत्रू भाल्याने लोळविले. परंतु मशीनगनपुढे घोडा किती टिकणार? पहाट होण्यापूर्वी त्यांस मागे बोलावण्यात आले. ते रान हाती येण्यास 15 सप्टेंबर उजाडला.

ह्या रिसाल्याच्या व निजामाच्या स्वतःच्या एका रिसाल्याच्या खर्चासाठी मीर उस्मान अली खान ह्यांनी 60 लाख रुपये दिले. ज्या खजिन्यातून ते गेले, त्यात मराठवाड्याच्या रयतेचा साराही होता. 1917 साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडला 10 कोटी पौंडांची देणगी गेली. जर्मन रंगांची आयात बंद झाली. हिमरू-मशरूच्या ह्या शहरात रंगाची किंमत काय ती आम्ही सांगावयास नको. कापड महागले, धान्य महागले, आणि 1918 साली इन्फ्लुएन्झाने देशात कोटीहून अधिक माणसे नेली. निजामास ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली. रयतेस काय मिळाले, ते वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, शिपायाने कारण विचारावयाचे नसते, हुकूम पाळावयाचा असतो. लष्करी शिस्तीपुरते हे आम्ही मान्य करतो. परंतु शिपायाने विचारावयाचे नसेल, तर ते त्याच्या वतीने नागरिकाने विचारले पाहिजे. 1914 साली नागरिकास तो अधिकार नव्हता. 1950 पासून मतपत्रिकेच्या रूपाने तो आपल्या हाती आहे, आणि अधिकाराबरोबर जबाबदारीही आली आहे. हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. नोकरीच्या आमिषाने रशियास नेलेले कित्येक हिंदी तरुण युक्रेनच्या युद्धात खंदकांवर धाडले गेले व त्यांतील काही मेले. 1857 च्या स्वारांस निदान आपणांस कोठे नेणार, ह्याचा सुगावा होता. ह्या तरुणांपासून तोही दलालांनी लपविला. 2024 साली केंद्रीय अन्वेषण विभागाने अशा दलालांविरुद्ध गुन्हा नोंदविला, हे ठीक झाले; पण मेलेला मुलगा खटल्याने परत येत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. क्रांती चौकात मुलांस 1857 ची हकीकत सांगणाऱ्या शिक्षकांनी 1916 चीही सांगावी. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची पदके वा कागद असतील, त्यांनी ते मोडीत न काढता शहरातील ग्रंथालयांस दाखवावेत. आणि परदेशी नोकरीचा कागद घेऊन कोणी दारी आला, किंवा युद्धाच्या जयघोषात सामील होण्याचे निमंत्रण आले, तर सहीपूर्वी व घोषणेपूर्वी विचारावे: कोणाविरुद्ध, आणि कशासाठी? हा प्रश्न विचारल्याबद्दल ह्या शहरात एके काळी माणसे फासावर गेली. आज तो विचारण्यास काही पडत नाही. न विचारण्याची किंमत मात्र अजून तीच आहे.